'बदलणे' आणि 'बदलवणे' : एका सक्तीच्या आदेशाची मराठी

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस इंडिगो कंपनीच्या ए-३२० निओ विमानांची इंजिने उड्डाणात बंद पडण्याच्या घटना लागोपाठ घडल्या. तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १ नोव्हेंबर रोजी आदेश काढला : ९७ विमानांवरील प्रॅट अँड व्हिटनी बनावटीची दोन्ही इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत सुधारित असली पाहिजेत, अन्यथा ती विमाने उडणार नाहीत. मराठी वृत्तलेखनात याचे सामान्य रूप 'सदोष इंजिने बदलण्याचा आदेश' असे झाले. या चार शब्दांपैकी दोन तपासण्याजोगे आहेत.

प्रथम 'सदोष'. हे विशेषण दोष व्यक्तीच्या ठिकाणी ठेवते. परंतु त्या प्रत्येक इंजिनात बिघाड आढळला होता, असे नव्हे. अल्पदाब टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यातील पाती ज्या घडणीची होती, ती घडणच संशयास्पद ठरली होती. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत, आक्षेप जातीवर होता, व्यक्तीवर नव्हे. सुरळीत चालणारे इंजिनही उतरवावे लागते ते याचमुळे. 'सदोष' म्हटल्यावर मात्र ही सक्ती वाचकास अकारण तरी वाटते, किंवा फार उशिराची तरी.

'बदलणे' याहून अवघड आहे. हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. शिवाय सकर्मक प्रयोगात त्याचे दोन अर्थ होतात : वस्तू तीच ठेवून तिच्यात फेरफार करणे, आणि ती काढून तिच्या जागी दुसरी बसविणे. प्रस्तुत प्रकरणी दोन्ही क्रिया घडतात. विमानावरून इंजिन उतरवून दुसरे चढविले जाते. उतरविलेल्या इंजिनात कार्यशाळेत आघात अधिक सोसणारी पाती बसवितात आणि ते पुन्हा सेवेत येते. 'इंजिन बदलले' या वाक्यातून यांपैकी काय झाले, हे कळत नाही.

धंतोलीतील औषधाच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक 'गोळ्या बदलवून द्या' असे म्हणते. प्रमाण मराठीचे अभिमानी या 'बदलवणे'स वैदर्भी अशुद्धी मानतात. वस्तुतः तेथे अदलाबदलीचा अर्थ पुष्कळ अंशी वेगळा राखला गेला आहे. (डॉ. रघुवीर यांनी नागपुरात उभारलेल्या परिभाषेचा भर नामांवर होता. क्रियापदांची अशी निगा कोणी घेतली नाही.)

सक्तीच्या रूपांविषयीही हीच हयगय दिसते. 'बदलावीत' यात सूचना, 'बदलली पाहिजेत' यात वक्त्याचा आग्रह, तर 'बदलावी लागतील' यात बाहेरून आलेली अपरिहार्यता असते. पहिल्या दोहोंत कर्ता तृतीयेत जातो आणि सहज गळतो. मग कोणी बदलावीत, हा प्रश्न उरतो. आदेशाचा अनुवाद तिसऱ्या रूपात, 'कंपनीला' हे पद न गाळता व्हावयास हवा.

जानेवारी २०२० मध्ये ही मुदत ३१ मेपर्यंत वाढविण्यात आली. त्यासाठी आपण वापरला तो 'मुदतवाढ' हाच शब्द घरपट्टीलाही चालतो. घरपट्टीची मुदत वाढते तेव्हा केवळ भरणा लांबतो; येथे ती जुनी पाती आणखी चार महिने प्रवाशांसह आकाशात राहू शकत होती.