बहुभाषिक संकेतस्थळांवरील देवनागरी : मांडणीदोष की पाठदोष?

बहुभाषिक संकेतस्थळावर साहित्यकृती वाचताना अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसणे, वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकणे, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होणे हे दोष आता परिचयाचे झाले आहेत. ‘तांत्रिक अडचण’ म्हणून त्यांची बोळवण केली जाते. तौलनिक साहित्याभ्यासाला मात्र ही वर्गवारी पुरेशी नाही. जिच्यातून उद्धरण घ्यायचे, जिच्यातील शब्दांची वारंवारिता मोजायची, जिचा अन्य भाषेतील पाठाशी मेळ घालायचा, ती संहिता मुळात कोणती, हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे.

दोषनिदानाची पहिली पायरी म्हणजे साठवलेली संहिता आणि तिचे दृश्य रूप यांत भेद करणे. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मूळ गट आहे. त्यात वर्णांचे संकेत नोंदले जातात. आकार फाँट सिद्ध करतो. ‘कि’मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, साठवली जाते मात्र ‘क’नंतर. म्हणूनच बिघडलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीत नेताच नीट दिसला, तर दोष बहुधा फाँटचा अथवा पृष्ठरचनेचा असतो. रोमन शीर्षकांसाठी योजलेले अक्षरांतर देवनागरीला लावल्यास शिरोरेषा तुटते, ती याच प्रकारे. सर्वत्र तोच बिघाड दिसला, तर संहितेवरच संशय घ्यावा लागतो. युनिकोडपूर्व फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दिसण्याच्या क्रमाने बसवलेले असत. अशा मजकुराचे रूपांतर करताना वेलांटी आणि रफार यांचे स्थान बदलावे लागते. ते चुकल्यास अपपाठ कायमचा होतो.

तथापि विद्रूप अक्षर हा सर्वांत घातक दोष नव्हे, कारण ते स्वतःच्या विकृतीची ग्वाही देते. अधिक घातक आहे तो निर्दोष दिसणारा चुकीचा शब्द. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद ज्या अर्ध्या ‘र’वर उभा आहे, तो दोन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा ‘र’ आणि हलन्त यांनंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. मजकुराची ‘साफसफाई’ करणारी एखादी प्रणाली अदृश्य चिन्हे गाळते, आणि दुसऱ्या प्रकारे लिहिलेला आचारी विनातक्रार आचार्य होतो. हस्तलिखितांचा अभ्यासक हा प्रकार ओळखतो : अनोळखी पाठाच्या जागी लेखनिकाने ओळखीचा पाठ बसवावा, तसेच हे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन करताना वि. सी. सुकथनकरांनी जी शिस्त घालून दिली, तिची गरज येथे संपलेली नाही.

युनिकोडच्या प्रसारामुळे हा प्रश्न निकालात निघाला, हे मत म्हणूनच अर्धसत्य ठरते. ‘ॲ’ हा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु यंत्राच्या साध्या तुलनेत भिन्न ठरतात. परिणामी एकाच संग्रहात ‘ॲरिस्टॉटल’चा शोध घेताना त्याचे निम्मे उल्लेख निसटू शकतात, आणि त्यांवर आधारलेला प्रभावाभ्यास पोकळ ठरतो. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण या दोन रूपांना एक करीत नाही, की अर्ध्या ‘र’च्या दोन लेखनांनाही.

दुसरा मुद्दा भाषेच्या ओळखीचा. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत यांना देवनागरीचे संकेत समान आहेत. पाकळीयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ ही मराठी वळणाची रूपे वेगळ्या संकेतांनी नोंदली जात नाहीत. फाँटमध्ये तशी सोय असेल आणि मजकुरावर मराठीची खूण असेल, तरच ती आपोआप उमटतात. बहुभाषिक संकेतस्थळाचा साचा हिंदीसाठी सिद्ध करून मराठी पृष्ठांना तोच लावला, की भाषेची खूणही हिंदीचीच राहते. मग मराठी कविता हिंदी वळणाने दिसू शकते आणि वाचक-यंत्र ती हिंदी उच्चारांनी वाचू शकते. लिपीवरून भाषा गृहीत धरण्याची ही सवय बहुभाषिकतेच्या नावाखाली भाषाभेदच पुसून टाकते.

उपाय दुर्घट नाहीत. प्रत्येक अवतरणावर त्याच्या भाषेची खूण असावी; ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांचे एकच लेखन ठरवून संपूर्ण संग्रहात पाळावे; रूपांतरित मजकूर मूळ मुद्रित प्रतीशी ताडून पाहावा; आणि या निर्णयांची नोंद संपादकीय टिपणात द्यावी. आज तंत्रज्ञाला भाषेचे आणि संपादकाला संकेतांचे अगत्य नसते; संहिता या दोहोंच्या मधल्या पोकळीत बिघडते. ती पोकळी भरून काढणे हे संपादकाचेच कर्तव्य होय, कारण पाठाविषयीचे उत्तरदायित्व त्याला दुसऱ्यावर सोपवता येत नाही.