शाळांचे क्रम आणि न मोजलेलीं मुलें

दहावीचा निकाल लागला म्हणजे प्रथम विभागांचे, मग जिल्ह्यांचे, तालुक्यांचे व शेवटीं शाळांचे क्रम लावण्याची एकच धांदल उडते. कर्जत व खालापूर हे तालुकेही तींतून सुटत नाहींत. ज्या शाळेचा निकाल शेंकडा शंभर ती उत्तम, हा निवाडा घरोघर बिनतक्रार मान्य होतो. तो सदोष आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राचा दहावीचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ होता, २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला आणि २०२० सालीं ९५.३० वर चढला. २०२१ सालीं करोनामुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं, तेव्हां तो ९९.९५ झाला! मुलांची बुद्धि एका वर्षांत आटली व दुसऱ्या वर्षीं तिला पूर आला, असें कोण म्हणेल? २०१९ सालीं अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांत शाळेनें द्यावयाचे वीस गुण बंद केले होते. पुढील वर्षीं ते गुण परत आले. माप बदललें, धान्य तेंच होतें.

याहून मोठा दोष निराळाच आहे. टक्केवारी निघते ती परीक्षेस बसलेल्यांची. या दोन तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर निघून जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात. परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चांत. आईबापांबरोबर गेलेलें मूल आठवी-नववींतच सुटलें, तर तें उत्तीर्णांत नाहीं आणि अनुत्तीर्णांतही नाहीं. हिशेबांत तें जन्मलेंच नाहीं. उलट, एखाद्या शिक्षकानें भट्टीवर जाऊन त्यास परत आणलें, परीक्षेस बसविलें, आणि तें एका विषयांत राहिलें, तर शाळेचा क्रम घसरतो. मूल गमावणारी शाळा वर आणि मूल राखणारी खालीं, असा हा न्याय आहे!

परीक्षाच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. बाहेरच्या परीक्षकानें, नांव न पाहतां तपासलेली उत्तरपत्रिका गरीब मुलास वशिल्यावांचून न्याय देते, हा तिचा गुण आम्ही मानतों. रायगड जिल्हा मुंबई विभागांत मोडत असल्यामुळें वाडीवरच्या मुलीची उत्तरपत्रिका दादरच्या मुलीच्या बरोबरीनें तपासली जाते, हें योग्यच आहे. परंतु मुलीची परीक्षा वेगळी आणि शाळेची वेगळी. शाळेची परीक्षा घ्यावयाची, तर पांचवींत किती मुलें आलीं व त्यांतील किती दहावीपर्यंत पोंचलीं, हा आंकडा निकालाशेजारीं छापावा. आमच्या वाचकांनीं मुलांसाठीं शाळा निवडतांना मुख्याध्यापकांस हा एकच प्रश्न विचारावा. जो मुख्याध्यापक त्याचें उत्तर वही उघडून देईल, त्याची शाळा आम्ही चांगली समजूं.