वारा, वावधन आणि श्रद्धा : बहिणाबाईंच्या कवितेतील एका नात्याचा विचार

ग्रामीण जीवनावरील साहित्याचा विचार करताना मराठी समीक्षा ‘श्रद्धा’ आणि ‘चिवटपणा’ ह्या दोन संज्ञा बहुधा जोडीने वापरते. आपत्ती कोसळते, कुटुंब उघडे पडते, देवावरील निष्ठा मात्र ढळत नाही आणि तिच्याच बळावर संसार पुन्हा उभा राहतो, असे हे कथासूत्र आहे. त्यात श्रद्धा हे कारण आणि चिवटपणा हे कार्य ठरते. ह्या कार्यकारणभावात मधला एक दुवा गळून पडतो. तो श्रमाचा आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेच्या आधारे हा दुवा पुन्हा जोडून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बहिणाबाईंचे चरित्र ह्या कथासूत्रात सहज बसते. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात विवाह, तिशीच्या सुमारास वैधव्य, पदरी मुले आणि पुढे शेत. अक्षरओळख नसलेल्या ह्या स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपात आली. जात्याशी, शेताशी, खळ्याशी जोडलेली ही रचना छापील संहिता बनली ती कामापासून तोडली जाऊनच. पुढे तिचे वाचन सुभाषितांप्रमाणे होऊ लागले, हे ह्या तुटण्याचे स्वाभाविक फळ होय. सुभाषितात श्रद्धा शिल्लक राहते, तिच्यामागचे हात दिसेनासे होतात.

म्हणून वादळाने मोडलेल्या घराचे वर्णन ह्या कवितेत कुठे आहे ते शोधण्यापेक्षा, वाऱ्याशी तिचे नाते कोणते आहे हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. पेरणी, कापणी, रगडणी आणि उपणणी अशा क्रमाने शेतकामाच्या कविता तिने रचल्या. त्यांपैकी ‘उपननी’ ह्या कवितेत वाऱ्याला बोलावणे आहे. रगडलेले धान्य खळ्यात पडले आहे, हातात पाट्या आहेत, पण वारा नाही. वाऱ्यावाचून दाणा आणि भूस वेगळे होत नाहीत. अशा वेळी कवयित्री वाऱ्याला मारुतीचा बाप म्हणून हाक मारते आणि आता चकवा देऊ नकोस, असे दटावते.

ह्या संबोधनाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. वायू हा हनुमंताचा पिता, ही पुराणातली माहिती आहे. परंतु येथे ती पुराणकथेच्या भाषेत येत नाही. गावात पुरुषाला त्याच्या मुलाच्या नावाने ओळखण्याची रीत आहे. अमक्याचा बाप, तमक्याची माय. मारुतीचे देऊळ गावोगाव असते, म्हणून मारुती हा गावचाच. त्याचा बाप तो वारा. देवत्वाची उतरंड ह्या एका नामकरणाने शेजारपणात बदलते आणि शेजाऱ्याला दटावता येते. प्रार्थना आणि रागावणे यांचा असा संयोग भाबड्या श्रद्धेच्या चौकटीत बसत नाही. ही श्रद्धा व्यवहारातली आहे. ती मागते, वाट पाहते, प्रसंगी कानउघाडणी करते. मुख्य म्हणजे हातात पाटी घेऊन उभी राहिल्यावरच बोलते.

तोच वारा उलटला की वावधन होते. खळ्यात हवा असलेला आणि घरावरचे छप्पर नेणारा असे दोन वारे शेतकऱ्याच्या जगात नसतात. वारा एकच असतो. त्याचे प्रमाण आणि वेळ बदलते. म्हणून आपत्तीकडे ‘देवाचा कोप’ किंवा ‘देवाची परीक्षा’ ह्या दोनच दृष्टींनी पाहणे ह्या कवितेच्या जगाला परके आहे. बायबलमधील ईयोबाच्या कथेशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे रानाकडून आलेल्या प्रचंड वाऱ्याने घर कोसळून ईयोबाची मुले दगावतात. ‘का?’ ह्या त्याच्या दीर्घ प्रश्नाला देव अखेर वावटळीतून उत्तर देतो. वादळ हे तेथे ईश्वरी वाणीचे स्थान आहे. ‘उपननी’त वारा काही सांगत नाही. बोलते ती बाई. वाऱ्याने फक्त यावे, एवढीच अपेक्षा आहे.

खानदेशच्या स्वतःच्या परंपरेतही वादळाची एक पवित्र कथा आहे. तापीकाठच्या मेहूण येथे १२९७ साली विजेच्या कडकडाटात मुक्ताई लुप्त झाली, असे वारकरी परंपरा मानते. संतकथेतले वादळ व्यक्तीला मूळ तत्त्वात विलीन करते; मागे उरते ती स्मृती आणि वारी. संसारी माणसाचे वादळ मात्र त्याला मागे ठेवून जाते. मुक्तीचा अवकाश आणि आवरासावरीचा अवकाश, दोन्ही एकाच तापीखोऱ्यातले आहेत. बहिणाबाईंची कविता ह्यांपैकी दुसऱ्या अवकाशात उभी आहे, हे विसरून तिला संतपरंपरेची शेवटची ओवी ठरवणे घाईचे होईल.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कर्म करावे आणि फळाची आसक्ती सोडावी, हा गीतेचा विचार ह्या भूमीत असा नव्याने बोलला गेला. त्याच काळात त्याच भूमीत गायिली जाणारी ही कविता फळ सोडत नाही. दाण्याची इच्छा हीच तिची प्रार्थना आहे. असे असूनही ती लोभाची कविता होत नाही, कारण फळावरचा हक्क तिने श्रमातून मिळवलेला आहे.

हेच सूत्र सुगरणीच्या खोप्यावरील कवितेत दिसते. झाडाला टांगलेला खोपा वाऱ्याच्या तावडीतच असतो. त्या पाखराला देव रक्षणाचे वचन देत नाही. एक चोच तेवढी देतो. माणसाला त्याने दोन हात दिले आहेत, ह्याची आठवण कवितेच्या शेवटी करून दिली जाते. श्रद्धेचा विषय येथे अभय नसून साधन आहे. वैधव्यावरच्या कवितेत तर ती ज्योतिषाला दारात येण्यास मनाई करते. पुढचे जाणून घेण्याची गरज तिने नाकारली आहे. भविष्य नाकारूनही टिकणाऱ्या श्रद्धेला दैववाद म्हणता येणार नाही.

ह्या वाचनाचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. रावेर, यावल, मुक्ताईनगर ह्या पट्ट्यात मे-जूनमधील वादळी वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होणे हा वारंवार येणारा अनुभव आहे. केळीचे खोड लाकडाचे नसते. पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून ते बनते, आणि घडाच्या भाराने वाकलेले झाड जोराच्या वाऱ्यात मोडते. पडलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही. ते तोडावे लागते, शेत साफ करावे लागते, बुडाशी आलेले पील जपून पुढचा हंगाम धरावा लागतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी वेगाचा वारा हा धोका धरलेला आहे. म्हणजे आज मारुतीच्या बापाचा वेग यंत्रावर मोजला जातो आणि त्यावर कुटुंबाचे वर्ष अवलंबून राहते.

अशा कुटुंबाच्या ‘जिद्दी’चे कौतुक करणारे लेखन विपुल आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) ह्या ग्रंथात इंग्रजी ग्रामकवितेविषयी दाखवून दिले, की निसर्गाच्या उदारतेचे वर्णन जितके रम्य होते तितके राबणारे लोक चित्रातून नाहीसे होतात. आपल्याकडे निसर्गाच्या क्रौर्याचे वर्णनही तेच काम करते. श्रद्धेने सारे सोसले, असे म्हटले की नुकसान किती झाले, भरपाई कोणी द्यायची, शेत साफ करण्याची मजुरी कोठून आणायची, हे प्रश्न अप्रस्तुत वाटू लागतात. सोसणाऱ्याच्या गुणांची स्तुती ही न सोसणाऱ्याच्या सुटकेची वाट होते.

बहिणाबाईंची कविता ही वाट मोकळी ठेवत नाही. तिची श्रद्धा मागणी करते. वाऱ्याला हाक मारून जी त्याच्याकडून त्याचे काम मागते, ती माणसांकडून त्यांचे काम मागणार नाही, असे मानण्यास कविता आधार देत नाही. देशीवादाच्या चर्चेने ह्या कवितेची भाषा आणि भूमी यांना प्रतिष्ठा दिली, हे योग्यच झाले. आता त्या भाषेतले दटावणेही ऐकले पाहिजे. चिवटपणा हा खानदेशी माणसाचा स्वभावधर्म आहे, असे म्हणण्याने काहीच उलगडत नाही. पाटी हातात घेऊन वाऱ्याची वाट पाहणे, मोडलेले खोड तोडून पील राखणे, ही कृतींची साखळी आहे. श्रद्धा त्या साखळीच्या आधी येत नाही, तिच्यानंतरही येत नाही, तिच्यातच घडते. समीक्षेने तिचा शोध तेथे घ्यावा.