अभियंत्याच्या आत्मचरित्राचा दुसरा खंड

यंत्रे बांधणाऱ्या माणसाचे आत्मचरित्र आपल्या समीक्षेने कधी गंभीरपणे वाचलेले नाही. कवीचे, नटाचे, पुढाऱ्याचे आत्मचरित्र ते साहित्य आणि इंजिनिअरचे आत्मचरित्र ते प्रेरणादायी वाचन, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. एकदा प्रेरणादायी म्हटले की पुस्तकाला प्रश्न विचारावे लागत नाहीत. शाळेच्या बक्षीस समारंभात ते द्यायचे आणि मोकळे व्हायचे. मला ही वाटणी मान्य नाही. ज्या लेखनात माणूस, त्याचे श्रम आणि त्या श्रमांचे बरेवाईट परिणाम भोगणारी इतर माणसे येतात, किंवा यायला हवी असून येत नाहीत, ते लेखन साहित्याच्या न्यायालयात उभे राहिलेच पाहिजे. म्हणून समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिग बांधणाऱ्या एका माणसाच्या जीवनकथेचा मी येथे विचार करणार आहे. ती कथा जिथे संपते तिथे मात्र मी थांबणार नाही.

हा माणूस म्हणजे अमेरिकेतील रॉबर्ट लेटर्नो. जन्म १८८८, मृत्यू १९६९. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली आणि पोर्टलंड शहरातील लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी धरली. पुढे माती उकरणारी, ओढणारी, सपाट करणारी प्रचंड यंत्रे त्याने बांधली. जवळजवळ तीनशे पेटंटे त्याच्या नावावर जमा झाली. आपल्या धंद्यात देव भागीदार आहे असे तो मानी आणि उत्पन्नाचा नव्वद टक्के भाग धर्मकार्याला देणारा कारखानदार म्हणून त्याची ख्याती होती. १९६० साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'मूव्हर ऑफ मेन अँड माउंटन्स', म्हणजे माणसे आणि डोंगर हलवणारा.

समुद्राशी त्याचा संबंध उतारवयात आला. त्या काळी समुद्रात विहीर खोदायची तर एक तर तळाशी खांब ठोकून कायमचा फलाट उभारायचा, नाही तर उथळ पाण्यात तराफा बुडवून बसवायचा. लेटर्नोने वेगळा आराखडा मांडला. रिग तरंगत जागेवर न्यायची, तिचे जाळीदार पोलादी पाय समुद्रतळावर सोडायचे आणि मग त्याच पायांवरून तिचे धड लाटांच्या वर चढवायचे. काम संपले की पाय वर ओढून पुढच्या जागी जायचे. पायांच्या कडेला दात्यांची पट्टी, तिच्यात अडकलेली दातेरी चाके आणि ती चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी, अशी ही यंत्रणा होती. झपाटा ऑफशोअर या कंपनीने हा आराखडा स्वीकारला. तिचे प्रमुख होते जॉर्ज बुश, जे पुढे १९८९ ते १९९३ अमेरिकेचे अध्यक्ष झाले. करार मोठा धीट होता. लेटर्नोने रिग स्वतःच्या खर्चाने बांधायची, चार लाख डॉलर आगाऊ घ्यायचे आणि रिग चालली नाही तर ते परत करायचे. मिसिसिपी राज्यातील विक्सबर्गच्या कारखान्यात तीन पायांची 'स्कॉर्पियन' उभी राहिली आणि १९५६ साली कामाला लागली. आजही जॅक-अप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुसंख्य रिग याच दात्यांवर चढतात आणि उतरतात.

या जीवनकथेचे मोल मी कमी लेखत नाही. ओतशाळेतल्या पोराने हातांनी विचार करावा आणि त्या विचाराने समुद्रातल्या कामाची तऱ्हा बदलावी, ही घटना आपल्या समाजाने तर डोळे उघडून वाचली पाहिजे. आपल्याकडे लोखंड तापवणारा, कातडे कमावणारा, दगड फोडणारा यांच्या हातांत ज्ञान असते हे शतकानुशतके नाकारले गेले. ज्याने हात काळे केले त्याला ग्रंथ बंद आणि ज्याला ग्रंथ खुले त्याला हात काळे करणे कमीपणाचे. लेटर्नोच्या कथेत हात आणि बुद्धी एकाच देहात नांदतात. हे तिचे खरे बळ आहे.

पण बळ पाहिल्यावर उणेही पाहिले पाहिजे, आणि ते शीर्षकातच उघडे पडते. डोंगर हलवणे मी समजू शकतो. माणसे हलवणारा म्हणजे काय? ज्याने स्वतः ओतशाळेत घाम गाळला त्याच्या शीर्षकात माणसे डोंगराच्या शेजारी, हलवल्या जाणाऱ्या वस्तूंच्या रांगेत येऊन बसतात. असल्या आत्मचरित्रांचा सांगाडा ठरलेला असतो. अडचण येते, यंत्र सुचते, लोक हसतात, यंत्र चालते. यंत्र चालले की प्रकरण संपते आणि पुढचे यंत्र सुरू होते. सारी क्रियापदे एकवचनी. मी आखले, मी बांधले, मी करून दाखवले. जो वेल्डर नळाच्या पोटात शिरून जोड भरतो तो या व्याकरणात बसत नाही. आणि रिग ताब्यात दिल्यावर तिच्यावर वीस-वीस वर्षे जी माणसे झोपतात, जेवतात, पाळ्या करतात, ती तर कथेच्या बाहेरच राहतात. १९६५ च्या सप्टेंबरात बेट्सी नावाच्या वादळात याच झपाटा कंपनीची 'मॅव्हरिक' ही रिग मेक्सिकोच्या आखातात नाहीशी झाली. माणसे आधीच उतरवली होती म्हणून वाचली. १९६० च्या पुस्तकात हे येणे शक्य नव्हते, हे उघड आहे. माझा आक्षेप तारखेवर नाही, कथेची हद्द रिग ताब्यात देण्यापाशी आखण्यावर आहे. अभियंत्याची कथा तिथे संपते आणि कामगाराची तिथेच सुरू होते.

मग ही उरलेली कथा कोणी लिहिली? ती लिहिली चौकशी आयोगांनी. या आयोगांचे अहवाल मी अभियंत्याच्या आत्मचरित्राचा दुसरा खंड म्हणून वाचतो. भाषा रुक्ष, नायक कोणी नाही, पण पहिल्या खंडात वगळलेली सारी माणसे तिथे हजर असतात. बहुतेक मृतांच्या यादीत.

नॉर्वेच्या समुद्रात २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी 'अलेक्झांडर किलँड' ही पाच पायांची तरती रिग उलटली. तिच्यावरच्या २१२ जणांपैकी १२३ मेले. रिग फ्रान्समध्ये खोदकामासाठी बांधलेली, पण वापरली जात होती शेजारच्या फलाटावरच्या कामगारांच्या राहण्यासाठी. पाय जोडणाऱ्या एका पोलादी नळाला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे उपकरण, बसवण्यासाठी छोटा आधार जोडला होता. त्याचे वेल्डिंग अवघे सहा मिलिमीटरचे. हा आधार भार वाहणारा नाही, किरकोळ जोडकाम आहे, असे धरले गेले होते. त्या किरकोळ जोडातून तडा निघाला, लाटांच्या माऱ्याने पोलाद थकत गेले, नळ तुटला, मागोमाग पाय निखळला. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे रिग रंगवली गेली तेव्हाही तडा तिथेच होता आणि त्याच्यावरून रंगाचा हात फिरला होता.

साहित्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलेक्झांडर किलँड (१८४९–१९०६) हा नॉर्वेचा कादंबरीकार. भद्र समाजाच्या ढोंगावर आणि नोकरशाहीवर त्याने कोरडे ओढले. 'कामकरी लोक' अशा अर्थाच्या नावाची त्याची कादंबरी १८८१ ची. १८८५ साली नॉर्वेच्या संसदेने त्याला लेखकाचे मानधन नाकारले. अशा लेखकाचे नाव पोलादावर रंगवले गेले आणि त्या पोलादाखाली कामकरी लोकच बुडाले. नाव देणे सोपे असते. त्या नावामागचा विचार आराखड्यात उतरवणे अवघड असते. जे दुय्यम ठरवले जाते ते भार वाहत नाही असे समजणे, ही चूक समाजाचे आराखडे काढणारे आणि यंत्राचे आराखडे काढणारे सारखीच करतात.

दुसरा अहवाल कॅनडातला आहे. १९५४ साली 'मिस्टर चार्ली' ही फिरती रिग कामाला लावणाऱ्या ऑल्डन लाबोर्ड यांनी स्थापन केलेल्या ओडेको कंपनीची 'ओशन रेंजर' १९७६ साली जपानमध्ये हिरोशिमा येथे मित्सुबिशीने बांधली. त्या काळातली ती सर्वांत मोठ्या तरत्या रिगपैकी एक. १५ फेब्रुवारी १९८२ च्या पहाटे न्यू फाउंडलंडजवळ वादळात ती बुडाली. ८४ माणसे होती, ८४ ही गेली. त्यांतली ५६ न्यू फाउंडलंडचीच. अशी रिग बॅलास्टवर, म्हणजे टाक्यांत घेतलेल्या समुद्राच्या पाण्यावर, तोल राखते. हे पाणी नियंत्रित करणारी खोली एका पायात होती. तिची गोल खिडकी लाटेने फुटली आणि खारे पाणी विजेच्या फलकावर आले. वीज बंद केली की झडपा आपोआप मिटाव्यात अशी रचना होती. ती तशीच बंद ठेवली असती तर रिग तरली असती, असे आयोगाला आढळले. पण हे तिथल्या माणसांना कोणी नीट शिकवले नव्हते. त्यांनी पितळी दांड्या घालून हाताने झडपा सांभाळण्याचा प्रयत्न केला, झडपा उघडल्या आणि रिग कलत गेली. खिडकीवर लावायची पोलादी झाकणे होती, ती लावलेली नव्हती. गार पाण्यात जगवणारे पोशाख सर्वांना पुरतील इतके नव्हते.

येथे मला बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या विवेचनाची आठवण होते. जातिव्यवस्था केवळ कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीने लावते, हा त्यातला मुद्दा. ओशन रेंजरवर जात होती असे मला म्हणायचे नाही. प्रत्येक अन्यायाला एकच नाव देणे हा आळस आहे. पण ज्ञान एकाकडे आणि झडप दुसऱ्याकडे, अशी तोड जिथे होते तिथे माणसे मरतात, हे सांगायला मला दुसरा इतका नेमका विचार सापडत नाही.

हा सारा दूरदेशीचा मामला आहे असे कोणी म्हणू नये. हिरोशिमातच मित्सुबिशीने १९७३ साली आपली 'सागर सम्राट' बांधली. तिने १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले आणि ते क्षेत्र बॉम्बे हाय म्हणून घरोघरी माहीत झाले. तिचे चित्र एक रुपयाच्या नोटेवर आले. २०१५ साली नोट पुन्हा काढली तेव्हाही ते राहिले. नोटेवर रिग आहे, रिगवरचा माणूस नाही. २७ जुलै २००५ रोजी त्याच क्षेत्रात 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. त्याला उपचारासाठी फलाटावर चढवताना जहाज हेलकावले आणि रायझरवर, म्हणजे तेल-वायू वाहणाऱ्या उभ्या नळांवर, आदळले. आग भडकली, फलाट गेला, २२ माणसे गेली. रायझर फलाटाच्या बाहेरच्या अंगाला, जहाजे येतात त्या पाण्यात उघडे होते. स्वयंपाक्याला दवाखान्यात न्यावे लागेल, हाही आराखड्याचाच भाग असायला हवा होता.

कोणी म्हणेल, अभियंता मालकाच्या पैशाने बांधतो, प्रशिक्षणावर खर्च करायचा की नाही हे त्याच्या हाती नसते. हे खरे आहे आणि आयोगांनी मालकांना व सरकारांनाही मोकळे सोडलेले नाही. पण मग अभियंत्याने तेच लिहावे. कुठे आपले म्हणणे डावलले गेले, कुठे पैशासाठी जाडी कमी झाली, कुठे आपण गप्प बसलो, हे आत्मचरित्रात नसेल तर यशाचा वाटा तरी एकट्याने का उचलायचा?

आपल्याकडे आत्मचरित्र आणि स्वकथन यांतल्या फरकाची चर्चा पुष्कळ झाली. स्वकथनातला 'मी' एकटा येत नाही, वस्ती घेऊन येतो. आईचे जोडवे, बापाची मजुरी, शेजारणीचे उपास सारे त्याच्याबरोबर चालत येतात. मराठीत आज किनाऱ्यावरच्या आवारांतून, आराखड्याच्या टेबलांवरून निवृत्त झालेली माणसे आहेत, आणि त्यांत पहिल्या पिढीचे शिकलेलेही आहेत. त्यांनी जरूर लिहावे. मात्र लिहिताना पायांची उंची आणि पोलादाचे टन सांगून थांबू नये. त्या रिगवर रात्रपाळीला कोण होते, झडपेची माहिती त्याच्या भाषेत त्याच्या हाती दिली होती का, आणि किरकोळ म्हणून सोडलेला जोड कोणी भरला, हे लिहावे. दुसरा खंड आयोगाने लिहिण्याची वेळ येण्याआधी तो त्यांनी स्वतः लिहावा.