कोटाखालचा ससा

कोल्ह्याच्या डोक्यावर पगडी, सिंहाच्या हाती राजदंड, बगळ्याच्या गळ्यात जपमाळ! अशा चित्रांची जुनी गोष्टींची पुस्तके अनेक शाळांच्या कपाटांत सापडतात. इसापनीती सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली मराठीत आणली; पंचतंत्र तर आपल्या घरचेच. 'प्राणी कपडे घालत नाहीत' एवढ्यावरून विज्ञानशिक्षकाने ही चित्रे बाद करावीत, हे आम्हांला पटत नाही.

बीट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्तीचे पीटर सशाचे पुस्तक १९०२ साली निघाले. या बाईंनी घरी ससे पाळले होते. बुरशीच्या बीजाणूंवरचा त्यांचा निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला होता. पीटरच्या अंगात निळा कोट आहे, पण कान, डोळे, मागचे पाय खऱ्या सशाचे आहेत. माळी पाठीस लागतो तेव्हा बूट गळतात आणि पीटर चार पायांवर धावू लागतो. पुढे कोटही जाळ्यात अडकून राहतो. उरतो तो निव्वळ ससा.

हीच कसोटी आपल्या चित्रांना लावावी. बगळ्याची जपमाळ आम्हांला खटकत नाही. 'बकध्यान' हा शब्द ज्याने घडवला, त्याने पाण्यात निश्चल उभा राहून मासा टिपणारा बगळा नीट पाहिला होता. खटकते ते पुढचे चित्र. मानेला खेकडा लटकलेला बगळा त्यात मान ताणून उडतो. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर, जिला रामसर दर्जा मिळाला आहे, मुलांना न्यावे. बगळा मान दुमडून उडतो आणि करकोचा ती ताणून, हे ती स्वतःच सांगतील. जपमाळ ही गंमत झाली. चुकीची मान ही चूक.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. चित्रातला लबाडपणा खऱ्या प्राण्याला चिकटतो. नाशिक जिल्ह्यात उसाच्या फडात बिबट्या असतो. त्याला कपटी दरोडेखोर समजणारे मूल घाबरेल किंवा दगड उचलेल. उसात त्याला आडोसा मिळतो, मादी तेथे पिल्ले घालते, हे कळलेले मूल फडापासून दूर राहील, संध्याकाळी एकटे जाणार नाही.

म्हणून पुस्तके कपाटातून काढावीत. मुलांना एक चित्र द्यावे, कपडे वगळून आतला प्राणी काढायला सांगावे. मग दोन याद्या कराव्यात: चित्रकाराने पाहिलेले काय आणि माणसाने चिकटवलेले काय. दुसऱ्या यादीवर पोट धरून हसावे. पहिली मात्र प्रत्यक्ष प्राण्याशी ताडून पाहावी.