अडविण्याची विद्या

समाजमाध्यमें कशीं वापरावीं याविषयींच्या उपदेशपर लेखनाचें पीक अलीकडे उदंड आलें आहे. सूचनांची घंटा बंद करा, भ्रमणध्वनी उशापाशीं ठेवूं नका, दिवसाकांठीं अमुकच मिनिटें पाहा, असें सांगणारें हें लेखन आम्ही पुष्कळ वाचलें. त्यांतील एकही सूचना चुकीची नाहीं. तरीपण आमच्या मतें तें अपुरें आहे, कारण सारा भार तें एकट्या वाचकाच्या निग्रहावर टाकतें. पाणलोट सगळ्या गांवाचा, आणि बांध मात्र ज्यानें त्यानें आपला घालावा, असा हा न्याय झाला.

पाण्याचा हा दृष्टांत आम्हांस अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवावरून सुचला. हें गांव अवर्षणाच्या पट्ट्यांतलें. श्री. पोपटराव पवार १९८९ सालीं तेथें सरपंच झाले, आणि पुढें गांवानें श्रमदान करून, डोंगरउतारावर समतल चर खोदून पावसाचें पाणी अडविलें. परंतु त्या गांवाचें खरें शहाणपण अडविलेलें पाणी खर्च करण्यांत दिसतें. पाऊस किती पडला तें मोजावयाचें, माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचा वांटा आधीं काढावयाचा, आणि उरेल त्यावर पिकें कोणतीं घ्यावयाचीं तें ग्रामसभेंत ठरवावयाचें, अशी तेथील रीत आहे. शेतीसाठीं विंधनविहीर घेण्यास तेथें बंदी आहे. कारण एकानें खोलवर उपसा केला कीं शेजाऱ्याची विहीर आटते.

अवधानाचेंही असेंच आहे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा यांचा वांटा आधीं काढून उरेल तेवढेंच पडद्यास द्यावें, आणि हा हिशेब घरांतील सर्वांनीं एकत्र बसून करावा. वडिलांनीं जेवतांना संदेश चाळावे व मुलास मात्र निग्रह शिकवावा, हें चालावयाचें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथील लोकांनीं २०२२ सालीं हें मर्म ओळखलें. सायंकाळीं सात वाजतां भोंगा झाला कीं घरोघर दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवावयाचे, असें त्यांनीं ठरविलें. सर्वांचेच बंद, म्हणजे आपलेंच कांहीं चुकलें असें वाटण्याचें कोणास कारण उरत नाहीं.

वाचण्याइतकाच पुढें धाडण्याचाही प्रश्न आहे. उतारावरचें पाणी न अडतां धांवलें तर माती घेऊन जातें. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानें भटक्या जमातीच्या पांच निरपराध माणसांचा जीव घेतला. तशा अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरूनच हातोहात फिरत होत्या. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं फार तर पांच ठिकाणीं पुढें पाठवितां येईल अशी मर्यादा घातली. बांध पडला खरा, पण तो यंत्रांत; पाठविणाऱ्याच्या मनांत नव्हे.

परदेशीं गेलेल्या लेकीचा चेहरा रोज दिसावा, हें सुख टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. हिवरे बाजारनेंही पाणी वापरणें सोडलें नाहीं, मोजून वापरलें. आलेला मजकूर आपल्यापाशीं थोडा थांबवावा, जिरूं द्यावा, आणि मग त्यांतून दुसऱ्यास देण्याजोगें काय उरतें तें पाहावें. बहुधा थोडेंच उरेल. पण तें गढूळ नसेल.