आचारी, आचार्य आणि एक अदृश्य चिन्ह

मजकूर एका संकेतपद्धतीतून दुसरीत बदलून देणारा एक संगणक जाळ्यावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून काम करून घ्यायचे, ही कल्पना संगणक शिकणाऱ्या पुष्कळांना सुचते. तिचा प्रोटोकॉल, म्हणजे दोन संगणकांनी आपसांत बोलण्याचे नियम, अर्ध्या पानात मावतो. पहिल्या ओळीत मूळ पद्धतीचे नाव, दुसरीत हव्या त्या पद्धतीचे, मग मजकूर. उत्तरात बदललेला मजकूर. आराखडा सुटसुटीत आहे, हे आम्हालाही मान्य. पण त्यातले उत्तर फारच त्रोटक आहे, असे आमचे मत आहे.

आधी एक लहान अडचण पाहू. मजकूर संपला हे कसे कळायचे? ई-मेल पोचवणाऱ्या एसएमटीपी या प्रोटोकॉलमध्ये नुसते एक टिंब असलेली ओळ आली की पत्र संपते. वेब-पाने आणणाऱ्या एचटीटीपीमध्ये मजकुराची लांबी आधीच सांगता येते. आम्हाला ही दुसरी रीत पसंत आहे, पण लांबी मोजायची कशात? ‘मराठी’ या शब्दात मुले ३ अक्षरे मोजतील. काना आणि वेलांटी स्वतंत्र धरणारे युनिकोड ५ चिन्हे मोजते. यूटीएफ-८ पद्धतीत साठवताना याच शब्दाला १५ बाइट लागतात, तर इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात ५. म्हणून लांबी बाइटमध्येच सांगायची, हे नियमात स्पष्ट लिहायला हवे. शिवाय जाळ्यावरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. यूटीएफ-८ मधला ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट. त्यातले दोनच हाती आले असतील, तर तिसऱ्याची वाट पाहायची. चूक झाली म्हणून ओरडायचे नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. मूळ पद्धतीतले एखादे चिन्ह नव्या पद्धतीत नसेलच, तर काय करायचे? पुष्कळ प्रोग्रॅम तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतात. ते निदान डोळ्यांना दिसते तरी. न दिसणारे नुकसान अधिक वाईट.

‘आचाऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदवता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे अदृश्य चिन्ह. बदल करणाऱ्या प्रोग्रॅमने हे चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, की र चा रफार होतो आणि शब्द होतो ‘आचार्यांना’. आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांच्या नावावर! शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही शंका येणार नाही.

या बाबतीत युनिक्समधले ‘आयकॉन्व्ह’ हे फंक्शन पुष्कळ शहाणे आहे. बाइट चुकीचे आहेत, शेवटचे चिन्ह अपुरे आहे, की उत्तर ठेवायला जागा उरली नाही, हे ते वेगवेगळे सांगते. परत मूळ रूपात नेता येणार नाहीत अशी किती चिन्हे बदलली, तो आकडाही देते. कोणती ते मात्र सांगत नाही, आणि जुनी कागदपत्रे तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असते. आमच्या मते उत्तरात मजकुराच्या आधी अशा प्रत्येक जागेचा बाइट-क्रमांक आला पाहिजे. त्यासाठी नियमांची एखादी ओळ वाढली तरी बिघडत नाही.

नियम कितीही नेटके केले, तरी पहिल्या ओळीतले नाव खरे असेलच असे नाही. क्रुतीदेव फाँटमध्ये टंकलेला ‘कि’ फाइलमध्ये इंग्रजी एफ आणि डी या अक्षरांच्या रूपात असतो, तोही वेलांटी आधी आणि क नंतर. फाइल स्वतःला इंग्रजीच म्हणवते. शाळांच्या कितीतरी जुन्या प्रश्नपत्रिका अशाच पडून आहेत.

मुलांकडून एक परीक्षा करून घेता येईल. मजकूर बदलायचा, पुन्हा मूळ पद्धतीत आणायचा आणि बाइट ताडून पाहायचे. गाळलेला जोडक इथे पकडला जातो. क्रुतीदेवमधला तो ‘कि’ मात्र इंग्रजी म्हणून जातो, इंग्रजी म्हणूनच परत येतो आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतो.